आगीपासून वाचलो, पण धुळीचे काय?

माझे वडील भंगाराचा धंदा करतात. हे वाक्य या महाविद्यालयात लिहायला मला दीड वर्ष लागले. आज लिहितो, कारण विषय आमच्या अंगणातलाच आहे.

पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी वाचताना कळले, की टीव्ही-संगणकाच्या प्लॅस्टिकने चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळत. हेतू चांगलाच. पण यांतली पुष्कळशी प्लॅस्टिकला पक्की जोडलेली नसतात. ती सुटून धुळीत उतरतात, धुळीतून हाताला लागतात, हातातून तोंडात जातात. शरीरातल्या चरबीत साठतात, आईच्या दुधातही येतात. थायरॉईडच्या कामात ती ढवळाढवळ करतात. सर्वांत मोठा धोका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला!

ही गोष्ट जुनीच आहे. १९७७ साली अर्लीन ब्लूम आणि ब्रूस एम्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मुलांच्या झोपायच्या कपड्यांतील 'ट्रिस' या अग्निरोधकापासून कर्करोगाचा धोका असल्याचा इशारा दिला. त्याच वर्षी तेथे त्या कपड्यांवर बंदी आली. मग उरलेल्या मालाचे काय झाले? त्यातला काही चक्क परदेशी रवाना झाला! ती निर्यात बंद व्हायला १९७८ उजाडले. आपल्या लेकरांना नको ते दुसऱ्यांच्या लेकरांना चालते, हाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आपल्याकडे आज नियम आहे. नव्या उपकरणांत पीबीबी व पीबीडीई ही रसायने ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नयेत. उत्तम! पण जुना माल कोठे जातो? आमच्या अंगणात. वडील हातोड्याने कॅबिनेट फोडतात, आई तुकडे निवडते, धाकटी बहीण शेजारी खेळते.

"धंदा सोडा," असे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी फी त्यातूनच भरली आहे. मी बहिणीची खेळायची जागा बदलली. घर ओल्या फडक्याने पुसू लागलो. जेवणाआधी सर्वांना साबणाने हात धुवायला लावले. वडील हसून म्हणाले, "कालेजात हेच शिकवत्यात व्हय?"

होय, हेही शिकलो. पण साबणाने सारा प्रश्न धुतला जाणार नाही. भंगारवाल्याला गुन्हेगार ठरवूनही तो सुटणार नाही. वस्तू विकून नफा कमावणाऱ्यांनी ती मोडकळीस आल्यावर तिचे योग्य पुनर्चक्रीकरण करवून घ्यावे, अशी जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. ती आमच्या वस्तीपर्यंत पोचली पाहिजे. वस्तू फोडणाऱ्या हातांना सुरक्षित जागा, हातमोजे आणि रास्त मजुरी मिळाली पाहिजे.

आगीपासून माणूस वाचवायचा, तर तो भंगारातला माणूसही असावा. एवढेच माझे म्हणणे आहे.