रिकाम्या खोलीतील दिवा

घरातील सर्व मंडळी ओसरीवर गप्पागोष्टी करीत बसलेली असतात. आतील खोलीत कोणीही नसते. तरी तेथे दिवा जळत असतो आणि पंखा फिरत असतो. ते पाहूनही कोणी उठत नाही. हे अज्ञान नव्हे. विजेला पैसे पडतात आणि आपल्या देशातील बरीचशी वीज कोळसा जाळून निर्माण करावी लागते, हे शाळेतील मुलेही जाणतात. मग जे कळते, ते वळत का नाही?

पहिले कारण असे की, वीज डोळ्यांना दिसत नाही. नळ उघडा राहिला तर वाहणारे पाणी दिसते. वाया गेलेली वीज मात्र महिन्याच्या बिलातच प्रकट होते. १०० वॅटचा दिवा १० तास जळला की १ युनिट वीज खर्च होते. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा १०० तासांहून अधिक काळ जळतो. हा हिशोब सोपा आहे. पण बटण दाबताना तो कोणाला आठवतो?

दुसरे कारण अधिक खोल आहे. मनुष्य उपदेशापेक्षा अनुकरणाने अधिक शिकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन मार्कोस नावाचे शहर आहे. तेथे मानसशास्त्रज्ञांनी घरोघरी पत्रके लावली. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राऐवजी पंखा वापरावा, अशी त्यांत विनंती होती. काही पत्रकांत पैशांच्या बचतीचे, काहींत पर्यावरणाचे, तर काहींत सामाजिक कर्तव्याचे कारण दिले होते. काहींत एवढेच लिहिले होते की, तुमचे बहुतेक शेजारी पंखाच वापरतात. सर्वांत अधिक बचत या शेवटच्या पत्रकाने झाली! हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

परंतु अनुकरण दुधारी असते. त्याच शहरातील दुसऱ्या एका प्रयोगात प्रत्येक घराला शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळविण्यात आला. तेव्हा उधळ्या घरांनी वापर कमी केला. पण काटकसरी घरांनी तो वाढविला! मात्र ज्या काटकसरी घरांच्या पत्रावर एक हसरा चेहरा काढून शाबासकी दिली होती, त्यांची काटकसर टिकून राहिली.

आपल्याकडे याच्या उलट घडते. दिवा मालविणाऱ्याला 'कंजूष' म्हणून हसतात आणि लग्नघरी झगमगाट करणाऱ्याची वाहवा करतात. वस्तुतः कंजूषपणा आणि काटकसर यांत मोठे अंतर आहे. अभ्यासाच्या वेळी दिवा न लावणे हा कंजूषपणा. अभ्यास संपल्यावर तो मालविणे ही काटकसर. जेथे काटकसरीची थट्टा होते, तेथे ती रुजत नाही.

"माझ्या एका दिव्याने काय होणार?" असे कित्येक जण विचारतात. एका दिव्याने वाचणारी वीज थोडी असेल. परंतु तो मालविणारा हात धाकटी भावंडे पाहत असतात आणि शेजारीही पाहत असतात. म्हणून रिकाम्या खोलीतील दिवा मुकाट्याने मालवावा. आणि दुसऱ्याने तो मालविला, तर त्याला शाबासकी द्यावयास विसरू नये.