ड्रायव्हरची सीडी फेकू नका

परवा माळ्यावरून जुना पीसी खाली काढला, तर घरातून लगेच प्रश्न आला, "आता हे धूड कशाला?"

कारण एक व्हीएचएस कॅसेट. १९९१ सालचं धाकट्या चुलतभावाचं बारसं. त्यात आत्या पाळणा म्हणते. ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली आणि तिचा आवाज आमच्याकडे एवढाच उरलाय.

२००५ मध्ये एका दुकानातून या कॅसेटची सीडी करून आणली होती. नातेवाईक मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे तीच असेल. तिच्यात नेमकं पाळण्याच्या वेळी चित्र थबकतं, आवाज पुढे जातो, मग चित्र एकदम उडी मारून त्याला गाठतं. कॅसेटच खराब झाली, असं आपण सगळे धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात एकांचा व्हीसीआर उसना आणून कॅसेट सरळ टीव्हीवर लावली, तर आत्या अखंड गात होती! म्हणजे पाळणा कॅसेटमध्ये होता, कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हता.

माझ्या जुन्या पीसीत बीटी८७८ चिपचं कॅप्चर कार्ड आहे आणि विंडोज एक्सपी. (नेटची वायर काढूनच चालू केला. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ लाच थांबले.) व्हर्च्युअलडब उघडलं, कॅप्चर सुरू केलं आणि गळलेल्या फ्रेम्सचा आकडा भराभर वाढायला लागला. मीही तेच केलं जे सगळे करतात. मेमरी वाढवली. २५६ एमबीची ५१२ केली. फरक शून्य.

मग कागद-पेन घेऊन बसलो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक फ्रेम ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम्स. म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ एमबी. मेमरी ही गच्चीवरच्या टाकीसारखी. खालचा नळच बारीक असेल तर टाकी मोठी केल्याने ती उशिरा वाहते इतकंच, वाहायची थांबत नाही. आणि नळ म्हणजे हार्डडिस्क.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिलं तर डिस्क पीआयओ मोडमध्ये रांगत होती. त्या मोडची कमाल मर्यादाच सेकंदाला १६.७ एमबी, आणि वर प्रोसेसर त्यातच अडकून पडतो. एक्सपीची रीत अशी की डिस्कशी बोलताना सहा चुका झाल्या की ती आपणहून डीएमए सोडून हळू चालायला लागते, आणि सांगत नाही. चुकांचं मूळ माझी जुनाट, सैल केबल. केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून टाकला, पीसी पुन्हा चालू केला. डीएमए परत आलं. हफवाययूव्ही कोडेक लावला, म्हणजे चित्राची एक रेघही न गमावता फाइल बरीच लहान होते. डिस्क एनटीएफएस केलेली होतीच, नाहीतर फॅट३२ मध्ये ४ जीबीला फाइल अडते.

गळलेल्या फ्रेम्स: ०. पाळणा पूर्ण.

आता मुद्दा. आपण कॅसेटी जपतो. पदराआड दिवा जपावा तशा. आणि कार्डाच्या खोक्यातली ड्रायव्हरची सीडी आवरताना पहिली रद्दीत टाकतो. माझी वाचली ती माझ्या आळशीपणामुळे. ३२ बिटांचा तो ड्रायव्हर आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, नव्या मशीनमध्ये त्या कार्डाला स्लॉटही नसतो. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि असे व्हीसीआर बनवणारी तीच शेवटची उरली होती. लिनक्समध्ये या चिपसाठी बीटीटीव्ही ड्रायव्हर आहे, कारण त्याचा कोड उघडा होता आणि लोकांनी तो सांभाळला.

पणजोबांच्या ट्रंकेतला मोडीतला कागद आठवतो? कागद धडधाकट आहे, वाचणारं घरात कुणी नाही. कॅसेटींचं तेच होणार. वस्तू टिकते, ती वाचायची रीत आधी मरते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जपायची असेल तर रीतही जपा. ड्रायव्हरची प्रत दोन ठिकाणी ठेवा, कोणती केबल, कोणती सेटिंग्ज हे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. मी काल चिकटवलं.

आणि दुकानात द्यायची असेल तर खुशाल द्या, पण परत आल्यावर पूर्ण बघा. दुकानदाराला त्या तीन तासांतली कुठली चार मिनिटं आपली आहेत हे कसं कळणार? आपणही २००५ मध्ये नीट बघितलं असतं, तर आत्या इतकी वर्षं अडखळत गायली नसती.

असो. पीसी अजून आठवडाभर खाली आहे, घरच्यांची तेवढीच परवानगी मिळालीय. कुणाच्या कपाटात कॅसेटी असतील तर पाठवा. बुरशी आलेली असेल तर लावून बघू नका, तशीच पाठवा.