आधी खरारा, मग रिबन

या हिवाळ्यात आमच्या रायडिंग क्लबची एक स्पीती घोडी पहिल्यांदाच प्रदर्शनाच्या रिंगणात उतरणार आहे. तिच्यावर कोणी बसणार नाही. एक कॅडेट तिला हातात धरून परीक्षकांसमोर चालवेल, दुडकीने पळवेल आणि स्थिर उभी करून दाखवेल. यालाच 'इन-हँड क्लास' म्हणतात. तयारीला आठ आठवडे लागतील हे कळल्यावर काही पालकांनी मला विचारले, "सर, एनडीएचा अभ्यास सोडून मुलांनी लीद काढायची का? ते मोतद्दाराचं काम आहे."

प्रश्न रास्त आहे. पण घोडेस्वारीचा प्रशिक्षक म्हणून माझे मत ठाम आहे : ही तयारी कॅडेटला स्वारीपेक्षा अधिक शिकवते, आणि ती त्यानेच करायला हवी.

स्वार कसबी असला की घोड्याचे काही दोष झाकले जातात. हातात धरलेल्या घोड्याचे झाकत नाहीत. परीक्षक त्याच्या पायांवरून हात फिरवतात, खूर उचलून पाहतात, दात बघून वयाचा अंदाज घेतात. मग त्याला सरळ रेषेत दूर न्यायला आणि दुडकीने परत आणायला सांगतात. पाय सरळ पडतो की नाही, चालीत लंगड आहे का, ते तिथेच उघडे पडते. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात, आणि प्रदर्शनाआधी नालबंदाला निदान आठवडाभर अगोदर बोलवावे लागते. अंगावरची खरी चमक रोजचा खरारा, वेळेवर दिलेले जंतनाशक आणि चांगला चारा यांतून येते. आदल्या रात्री जागून यातले काहीच भरून काढता येत नाही.

शिकवणीचेही तसेच. रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण रोज. कॅडेटने घोडीच्या डाव्या खांद्याशी चालायचे, पुढे जाऊन ओढायचे नाही. वळताना तिला आपल्यापासून दूर, उजवीकडे वळवायचे, म्हणजे तिचा पाय आपल्या पायावर येत नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घोडी उधळली तर हात जायबंदी होतो. लाऊडस्पीकर, उघडलेली छत्री, अनोळखी माणसाचा स्पर्श, ट्रकची फळी, या सगळ्यांची तिला एकेक करून ओळख करून द्यायची. इथे आवाज चढवून भागत नाही. कॅडेट घाबरला की घोडी आधी ओळखते; तो शांत राहिला की तीही राहते. पुढे ज्याला जवानांचे नेतृत्व करायचे आहे, त्याने हे पंधराव्या वर्षी शिकलेले काय वाईट?

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठीत आपण 'भाड्याचं तट्टू' म्हणून माणसाला हिणवतो, आणि भीमथडीच्या तट्टांचा अभिमानही मिरवतो. स्पीतीचे तट्टू हिमाचलातल्या उंच खिंडींतून माल वाहणारे. ठेंगणे, भक्कम, दाट आयाळीचे. ते थरोब्रेड नाही आणि तसे दिसायचा त्याने प्रयत्नही करू नये. तरी दरवेळी कोणीतरी सुचवतेच : कानातले केस कापू, मिशा भादरू, दाणा वाढवून अंग भरू. मिशा ही घोड्याची स्पर्शेंद्रिये आहेत; त्या कापलेल्या घोड्यांना आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून आपल्या स्पर्धांत बंदी घातली आहे. कमी चाऱ्यावर जगायला सरावलेल्या जातीला जादा दाणा दिला, तर खुरांच्या आत दाह होऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते.

यात जातीचाही प्रश्न आहे. रस्ते झाले, गाड्या आल्या आणि या तट्टांचे काम कमी झाले. ज्यांच्या पाठीवर आधुनिक पोलो जन्मला, त्या मणिपुरी तट्टांची संख्याही घटली आहे. प्रदर्शनात उंची आणि रंगरंगोटीला बक्षीस मिळू लागले, तर पैदास करणारे संकर करतील आणि मूळ जात हातची जाईल. म्हणून घोडी जशी आहे तशी, निरोगी आणि निर्धास्त दाखवायची. त्यात रिबन मिळाली तर आनंद, नाही मिळाली तरी घोडी चांगली तयार झालेली असेल.

माझी सूचना साधी आहे. क्लबच्या वार्षिक गुणांपैकी एक तृतीयांश पागेतल्या कामाला द्यावेत. खुरांची नोंदवही, ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला, रोजचा खरारा, सगळे कॅडेटच्या नावावर. मोतद्दारांनी हे काम शिकवावे आणि कॅडेटांनी त्यांना उस्ताद म्हणावे. शंका असलेल्या पालकांनी भेटीच्या रविवारी सकाळी सहाला पागेत यावे. तुमचा मुलगा तेव्हा तिथेच असेल.