टाचेतला एक थेंब



आपल्या हरसूल भागात नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण हे नेहमीचे जेवण. त्यातून पोटात गेलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात. त्यांना अमायनो आम्ले म्हणतात. फिनाइलॲलॅनिन हे त्यांतलेच एक. ते आईच्या दुधातही असते.

शरीराचा कारभार कचेरीसारखाच आहे. एका टेबलावरचा कागद पुढच्या टेबलावर सरकवणारा कारकून म्हणजे एन्झाइम. यकृतातले एक एन्झाइम फिनाइलॲलॅनिनचे टायरोसिन करते. त्यातून केसांचा काळा रंग तयार होतो. उरलेल्याचे तुकडे पुढची एन्झाइमे करतात व त्यातून शरीराला शक्ती मिळते.

फार थोड्या बालकांत हे पहिलेच एन्झाइम जन्मापासून काम करीत नाही. मग कागद साचावेत तसे फिनाइलॲलॅनिन रक्तात साचते व मेंदूला इजा करते. जन्मतः मूल धडधाकट दिसते. पुढे ते बसण्या-बोलण्यात मागे पडते, आकडी येते, लघवीला कुबट वास येतो. या दुर्मिळ आजाराचे नाव फिनाइलकिटोन्युरिया.

त्याचा शोध एका आईच्या चिकाटीमुळे लागला. नॉर्वे देशात तिची दोन मुले मतिमंद होती. हा वास कशाचा, असे ती डॉक्टरांना विचारीत राहिली. अखेर 1934 साली डॉ. फॉलिंग यांनी लघवी तपासून कारण शोधले. पुढे डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान करण्याची पद्धत काढली. ती 1963 मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या काही दिवसांतच निदान झाले आणि खास दूध व मोजून प्रथिने असा आहार सुरू केला, तर मूल इतरांसारखे शिकते.

आपल्याकडे मात्र आधी आईला बोल लावतात, मग भगत गाठतात. हा दोष आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघेही स्वतः निरोगी असतात, पण प्रत्येक बाळंतपणात 4 पैकी 1 अशी शक्यता असते. मामा-आत्याच्या नात्यात लग्न झाल्यास धोका वाढतो. मग दोष एकट्या सुनेचा कसा?

ही तपासणी सरकारी दवाखान्यांत सरसकट होत नाही. म्हणून घरात आधीचे मूल असे मागे पडलेले असेल, तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते. मागे पडणारे मूल त्यांना जरूर दाखवा. नशीब म्हणून त्याला घरात बसवून ठेवू नका. त्या नॉर्वेच्या आईसारखे विचारीत राहा.