श्वासयंत्र आणि परमुलखातील वीज

पूर्वी लेक बाळंतपणास माहेरी येत असे. आता माहेरच डिंकाचे लाडू बांधून लेकीच्या घरी जाते. आमच्या बडोद्यातील मराठी वस्तीत अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. गेल्या हिवाळ्यात आमचे एक जुने स्नेही व त्यांच्या पत्नी याच कारणासाठी तीन महिने अमेरिकेस, न्यू जर्सीत निघाले होते. निरोप घेण्यास म्हणून उभयता आमच्याकडे आली. सामानाचा विषय निघाला. लाडू, अळीव, मेतकूट, बाळंतविडा, सर्व काही काट्यावर चढवून झाले होते. तेवढ्यात वहिनींनी विचारले, “अहो, आणि तुमचं ते यंत्र कोणत्या बॅगेत ठेवलंत?”

स्नेही क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “अगं, ते नेत नाही. तिथली वीज निराळी आहे. लावलं तर जळेल, नाहीतर चालणारच नाही. तीन महिन्यांचा तर प्रश्न. मी कुशीवर झोपेन.”

वहिनी त्यांच्याशी काही बोलल्या नाहीत, आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भावोजी, तुम्हीच सांगा यांना. सहा वर्षांपूर्वीपर्यंत रात्र रात्र मी यांचा श्वास मोजत होते. थांबला की हलवायचं, सुरू झाला की डोळे मिटायचे. तिथं लेकीचं बाळंतपण करू, की पुन्हा हे मोजत बसू?”

वहिनींच्या या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. परंतु विजेच्या प्रश्नास मात्र होते. आणि तोच प्रश्न आमच्या अनेक वाचकांच्या घरी उभा राहत असणार, म्हणून या महिन्याचे हे सदर त्याच विषयास वाहिले आहे.

ज्यांना या विकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार. घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट मिटते आणि दहा सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ श्वास थांबतो. रक्तातील प्राणवायू उतरतो. मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्याने घोरत मनुष्य पुन्हा श्वास घेऊ लागतो. त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो. पत्ता असतो तो शेजारी जागणाऱ्याला. तासात तीस वा अधिक वेळा असे घडले तर विकार तीव्र समजतात. दिवसा पेंग येते, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. यावरील उपाय म्हणजे हवेच्या सौम्य दाबाने ती वाट उघडी ठेवणारे यंत्र, ज्यास सीपॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपाय १९८१ साली जगापुढे मांडला. आरंभीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरलेली होती. आजचे यंत्र उशाशी ठेवण्याजोगे लहान आहे, आणि त्याचा गुण ते लावले त्या रात्रीपुरताच असतो. औषधासारखा तो अंगात साठून राहत नाही. तीन महिने यंत्र नाही, म्हणजे तीन महिने पूर्वीचाच विकार.

आता विजेकडे वळू. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची व ५० हर्ट्झची; अमेरिकेतील १२० व्होल्टची व ६० हर्ट्झची. जपानची तऱ्हा तर याहून न्यारी. तेथे वीज १०० व्होल्टची, आणि एकाच देशात तोकियोकडे ५० हर्ट्झ तर ओसाकाकडे ६० हर्ट्झ. कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहराने जर्मनीची जनित्रे विकत घेतली व दुसऱ्याने अमेरिकेची. हे सारे ऐकले म्हणजे आमच्या स्नेह्यांसारखा सावध मनुष्य यंत्र घरी ठेवतो यात नवल नाही.

परंतु या भीतीचे निवारण यंत्राच्या अंगावरच छापलेले असते. आम्ही स्नेह्यांच्या घरी गेलो, यंत्राच्या वायरीमध्ये असते ती काळी डबी हाती घेतली व भिंग लावून तिच्यावरील बारीक अक्षरे त्यांना वाचावयास लावली. तेथे ‘इनपुट’ या शब्दापुढे लिहिले होते : १००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ. याचा अर्थ असा की, भिंतीतील वीज या मर्यादांत कोणतीही असो, ही डबी ती आपणहून ओळखून घेते आणि यंत्रास हवी तशी कमी दाबाची एकदिश वीज, या यंत्रापुरती २४ व्होल्टची, करून देते. बडोदे, न्यू जर्सी, ओसाका, तिला सारखेच. काही यंत्रांत ही डबी यंत्राच्या पोटातच असते. तेव्हा तीच अक्षरे यंत्राच्या तळाशी पाहावीत. क्वचित एखाद्या जुन्या यंत्रावर केवळ २२०–२४० व्होल्ट असे आढळले, तर मात्र ते अमेरिकेच्या वा जपानच्या भिंतीत लावू नये. यंत्र जेथून घेतले तेथे विचारून त्याच यंत्रासाठी केलेला योग्य पुरवठा मिळवावा.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. ज्या डबीवर १००–२४० लिहिले आहे तिला ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. परदेशी निघालेल्या माणसास बाजारात जड ट्रान्सफॉर्मर व स्वस्त ‘कन्व्हर्टर’ दाखविले जातात. यांपैकी केस वाळविण्याच्या यंत्रासाठी केलेले स्वस्त कन्व्हर्टर नाजूक यंत्रांस अपायकारक ठरू शकतात. तेव्हा ते ओझे व तो खर्च, दोन्ही वाचवावे.

मग बदलावे लागते ते काय? केवळ प्लगचे तोंड. आपली तीन गोल पिनांची तऱ्हा ही मूळची जुनी इंग्रजी. इंग्लंडने १९४७ साली चौकोनी पिनांचे नवे मानक स्वीकारले. तीच चौकोनी पिन आज दुबईत व सिंगापुरातही चालते. आपण मात्र गोल पिनांशी एकनिष्ठ राहिलो. अमेरिकेत दोन उभ्या चपट्या पिना असतात व कित्येक प्लगांना जोडीस तिसरी जमिनीची पिन. जपानात बहुधा दोनच खाचा, त्यामुळे अमेरिकेची तीन पिनांची वायर तेथे शिरत नाही. यासाठी दहा-पंधरा डॉलरचा वा त्याहून कमी मोलाचा ट्रॅव्हल ॲडॅप्टर पुरतो. पण हा ॲडॅप्टर केवळ तोंड बदलतो, व्होल्ट बदलत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

याहून बरा मार्ग आम्ही स्नेह्यांस सुचविला. भिंतीपासून डबीपर्यंतची वायर बहुधा सुटी असते. ती उपसून तिच्या तोंडाचे छायाचित्र जावयास पाठवावे. तशाच तोंडाची, परंतु टोकास तेथील प्लग असलेली वायर त्या देशात सहज विकत मिळते. आपला तीन पिनांचा प्लग जड. तो ॲडॅप्टरमध्ये खोचून उभ्या भिंतीत लावला की लोंबतो आणि मध्यरात्री सैल होतो. तेथलीच वायर असली की ही कटकट राहत नाही. पलंगापासून सॉकेट दूर असेल तर एक्स्टेन्शनही तेथलेच घ्यावे.

एवढे ऐकून स्नेह्यांची विजेची शंका फिटली, पण चेहरा खुलला नाही. वहिनी चहा करण्यास आत गेल्या, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “वीज हे निमित्त आहे हो. जावयाच्या घरी नाकाला सोंड लावून झोपायचं, हेच मनाला बरं वाटत नाही.” वाचकहो, आम्हांस वाटते की, पुष्कळ यंत्रे घरी राहतात ती यापायीच. चष्मा लावून जावयाकडे जाण्यात आपणांस संकोच वाटत नाही, कवळी पाण्यात ठेवतानाही हल्ली वाटत नाही. मग श्वासाच्या यंत्राचाच का वाटावा? आम्ही त्यांना एवढेच म्हटले, “जावई यंत्र पाहतील ते एक दिवस. यंत्र नसेल तर घोरणे ऐकतील ते तीन महिने.” ते हसले, आणि यंत्र बॅगेत गेले.

बॅगेत म्हणजे हातातल्या बॅगेत. पोटातल्या सामानात हे यंत्र कदापि टाकू नये; सामान चुकले तर पहिल्याच रात्री पंचाईत. अमेरिकेस जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांस जे नियम लागू आहेत त्यांनुसार असे वैद्यकीय साधन हातातील सामानाच्या संख्येत धरले जात नाही. यंत्राच्या टाकीतील पाणी निघण्यापूर्वी ओतून टाकावे, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. चिठ्ठीत विकाराचे नाव, यंत्राचा प्रकार व ठरवून दिलेला दाब असावा. यंत्र तेथे बिघडलेच तर अमेरिकेत नवे यंत्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही.

विमानात झोपताना यंत्र वापरावयाचे असेल तर मात्र आधी विचारपूस हवी. याच नियमांप्रमाणे विमान कंपनी ४८ तास आधी सूचना मागू शकते, व प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी बॅटरी जवळ असावी असेही म्हणू शकते. सोळा तासांच्या उड्डाणास चोवीस तासांची बॅटरी! आसनाशेजारच्या सॉकेटवर भिस्त ठेवू नये. भार वाढला की तो बंद पडतो. लिथियम बॅटरीचे माप वॅट-तासांत असते : १०० पर्यंतची हातातील सामानात चालते, १०० ते १६० मधील कंपनीच्या परवानगीने, आणि सुटी बॅटरी पोटातल्या सामानात कधीच नाही. हिशेब सोपा आहे. यंत्र सरासरी १२ वॅट खात असेल तर ९६ वॅट-तासांची बॅटरी कागदावर ८ तास चालावी. प्रत्यक्षात थोडी कमीच. हवा दमट करणारी पाण्याची टाकी व तापणारी नळी चालू ठेवली तर हा वेळ पुष्कळच घटतो, म्हणून बॅटरीवर असताना ती दोन्ही बंद ठेवावीत. हा सारा खटाटोप न झेपणाऱ्याने विमानात काय करावे ते डॉक्टरांस विचारावे. मद्य व झोपेच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांनी घसा अधिकच सैलावतो.

स्नेह्यांनी सर्व काही आम्ही सांगितल्याबरहुकूम केले, तरी एक गोष्ट आम्हांसही ठाऊक नव्हती. तिसऱ्या रात्री यंत्र एकाएकी बंद पडले. मुखवट्यात श्वासास वाट ठेवलेली असते, त्यामुळे जीव गुदमरला नाही; पण हवा थांबताच ते दचकून उठले आणि “जळलं एकदाचं!” म्हणून हताश झाले. सकाळी उलगडा झाला. अमेरिकेत आपल्याप्रमाणे दर सॉकेटाशेजारी बटण नसते; पण कित्येक घरांत शयनगृहातील एखादे सॉकेट दाराजवळच्या बटणाशी जोडलेले असते, टेबलावरचा दिवा दारातूनच लावता यावा म्हणून. जावईबापूंनी रात्री सासऱ्यांच्या खोलीचा दिवा राहिला असे समजून अदबीने ते बटण बंद केले होते! यंत्राची वायर पलीकडच्या सॉकेटात गेली, आणि दाराजवळच्या बटणावर लेकीने कागदाची पट्टी चिकटविली. तेव्हा नव्या घरी यंत्र लावले की खोलीतील प्रत्येक बटण एकेकदा दाबून पाहावे, हा धडा आम्हीही वहीत टिपून ठेवला.

पाण्याचेही तेच. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. अमेरिकेत ते किराणा दुकानात गॅलनच्या, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरच्या, कॅनमध्ये मिळते. घरी परतल्यावर गाडीच्या बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी स्वस्त म्हणून त्यात घालू नये.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला. नात झाली होती, बाळ-बाळंतीण खुशाल. आम्ही यंत्राची चौकशी केली. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, नात रात्रभर जागवते हो सगळ्यांना. लेक जागी, जावई जागे, मी जागी. हे तेवढे सोंड लावून गाढ झोपलेले असतात.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “पण पहाटे नातीला त्यांच्या हाती देते नि मी निजते. यांचा श्वास मोजायचा नाही, त्यामुळे मलाही लगेच झोप लागते.”