कमानीपुढचे अंगण

अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळका हे वाशीम जिल्ह्यातील एक लहानसे स्थानक. अशा गावांतील शाळांची सहल मुंबईला गेली की तिचा एक मुक्काम ठरलेला असतो, तो म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. परतल्यावर विद्यार्थी वहीत निबंध लिहितो तेव्हा त्यात कमानीची उंची असते, बांधणीचे साल असते. परंतु घरी आजीला सांगताना तो वेगळेच सांगतो. समुद्रावरून येणारा वारा, कबुतरांचे थवे, घारापुरीला निघालेल्या बोटी आणि कुणालाही कुणी न हटकता बसू देणारा समुद्राचा कठडा यांचे वर्णन तो करतो. निबंधात येते ती इमारत आणि आठवणीत राहते ती तिच्या भोवतालची मोकळी जागा. या मोकळ्या जागेचा विचार आज विशेष अगत्याने करण्याची वेळ आली आहे.

या स्थळाचे जुने नाव पालवा बंदर. इंग्रजांच्या तोंडी त्याचे अपोलो बंदर झाले. सागरी मार्गाने येणाऱ्या पाहुण्यांचे मुंबईतील पहिले पाऊल येथेच पडे. २ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारासाठी निघालेले बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी याच बंदरावर उतरले. त्या वेळी तेथे कायमची कमान नव्हती. स्वागतासाठी उभारलेला तात्पुरता मंडप होता. समारंभ संपला, मंडप उतरला आणि त्या घटनेचे स्मारक म्हणून दगडी वास्तू उभारण्याचे ठरले. ३१ मार्च १९१३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी कोनशिला बसविली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यास १९१४ मध्ये मंजुरी मिळाली.

विटेट यांनी यासाठी सोळाव्या शतकातील गुजराती वास्तुशैलीचा आधार घेतला. पिवळसर बेसॉल्टचा दगड, सिमेंट काँक्रीटची जोड, नाजूक नक्षीच्या जाळ्या, चार कोपऱ्यांवर चार मनोरे आणि मध्ये ४८ फूट व्यासाचा घुमट अशी तिची रचना आहे. घुमटाचा माथा जमिनीपासून ८३ फूट उंच आहे. कमानीच्या दोन्ही अंगांना मोठी दालने ठेवलेली आहेत. म्हणजे ही वास्तू केवळ वेस नव्हे, तर पाण्याकाठचा दगडी मंडपही आहे. तथापि, ती उभी करण्याआधी तिच्यासाठी जमीन तयार करावी लागली. समुद्रात भिंत घालून, भराव टाकून बंदराचा काठ पुढे सरकविण्यात आला. हे काम १९१९ मध्ये पूर्ण झाले, १९२० मध्ये पायाचे काम झाले आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. खर्च सुमारे २१ लाख रुपये आला.

येथे या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत बोलका तपशील येतो. मूळ कल्पनेत कमानीसमोर शहराकडे जाणारा प्रशस्त, सरळ राजमार्ग होता. समुद्रातून येणाऱ्याला कमानीतून थेट नगर दिसावे आणि नगरातून येणाऱ्याला कमानीतून थेट समुद्र दिसावा, हा त्यामागील हेतू. परंतु कमान पूर्ण होईपर्यंत पैसा संपला आणि तो मार्ग कधीच झाला नाही. म्हणूनच आजही शहराकडून येणारा रस्ता कमानीसमोर सरळ येत नाही. तो तिला तिरका भेटतो. घर बांधले आणि अंगणाला पैसे उरले नाहीत, असा हा प्रकार. स्मारकासाठी सरकारी खजिन्यात पैसा असतो आणि लोकांनी चालायच्या, बसायच्या जागेची पाळी आली की तो आटतो, हा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. त्याचे एक उदाहरण मुंबईच्या वेशीवर शंभर वर्षे उभे आहे.

अर्थात, राज्यकर्त्यांनी अपुरे सोडलेले ते अंगण पुढे लोकांनीच आपल्या वावराने पुरे केले. बादशहाच्या आगमनाचे हे स्मारक अवघ्या चोवीस वर्षांत त्याच्या सत्तेच्या निर्गमनाचे स्मारक ठरले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण याच कमानीखालून जाऊन बोटीत बसली आणि स्वतंत्र भारतातून ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी निघून गेली. २६ जानेवारी १९६१ रोजी समोरच्या बागेत शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. कमान ज्यांच्यासाठी बांधली ते गेले. ज्यांना तिच्याशी देणेघेणे नव्हते अशी सामान्य माणसे तिच्या सावलीत येऊन बसू लागली. मांडव्याला जाणारा अलिबागकर, घारापुरीची लेणी पाहायला निघालेले कुटुंब, फोटो काढून देऊन पोट भरणारा छायाचित्रकार, रविवारी विरंगुळ्यासाठी येणारा गिरणगावचा कामगार या सर्वांनी त्या जागेला जो अर्थ दिला, तो विटेट यांच्या आराखड्यात नव्हता.

गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र हे अंगण आक्रसत गेले आहे. २५ ऑगस्ट २००३ रोजी येथे टॅक्सीत ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समोरच्याच ताजमहाल हॉटेलवर अतिरेक्यांनी हल्ला केला. त्यानंतर तपासणी आणि अडथळ्यांचे कुंपण येणे अपरिहार्य होते व त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. निसर्गाचेही आघात झाले. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात येथील संरक्षक भिंतीची मोडतोड झाली. या आघातांनंतर जी डागडुजी व बंदोबस्त होतो, त्यात जागेच्या मूळ उपयोगाचे भान राहते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

हाच प्रश्न २०२५ मध्ये न्यायालयापुढे आला. गेटवेपासून सुमारे २८० मीटरवर, रेडिओ क्लबच्या बाजूला, नवा प्रवासी धक्का बांधण्याची राज्य सरकारची सुमारे २२९ कोटी रुपयांची योजना आहे. कुलाब्यातील रहिवाशांनी तिला आव्हान दिले. वारसास्थळाच्या परिसरावर, समुद्राच्या दर्शनावर आणि आधीच कोंडलेल्या रस्त्यांवर ताण येईल, हा त्यांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. दुसऱ्या बाजूने, जुन्या धक्क्यांवर दररोज होणारी गर्दी आणि भरती-ओहोटीत वृद्धांना व मुलांना बोटीत चढताना होणारा त्रास ज्याने पाहिला आहे, त्याला सरकारचे म्हणणेही मोडीत काढता येणार नाही. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि तेराहून अधिक जीव गेले. त्या अपघाताचे कारण धक्का नव्हे. पण जलप्रवाशांची सुरक्षितता ही चैन नाही, याची जाणीव त्याने करून दिली.

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये प्रकल्पाला अनुमती दिली, परंतु तीन अटी घातल्या. प्रेक्षागाराच्या धर्तीची बैठकव्यवस्था बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांसाठीच वापरावी, करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी नव्हे. उपाहारगृहात पाणी व पाकिटबंद खाद्यपदार्थ मिळावेत, जेवणावळीची सोय नसावी. आणि गेटवेजवळील जुने धक्के टप्प्याटप्प्याने बंद करावेत. सर्वोच्च न्यायालयानेही त्यानंतर यात हस्तक्षेप केला नाही. वरवर पाहता या अटी किरकोळ वाटतात. वस्तुतः सार्वजनिक जागेविषयीचे एक महत्त्वाचे तत्त्व त्यांत आहे. प्रवाशाला सावली, बैठक आणि सुरक्षित पायरी देणे हे धक्क्याचे काम. प्रवासी नसलेल्यांना तिकीट लावून करमणूक विकणे हे त्याचे काम नाही. मंडप गरजेपुरता आणि मोकळीक भरपूर, हा तो न्याय. आता अटींचे पालन कितपत होते, यावर सारे अवलंबून आहे. धक्का सुरू झाल्यावर पहिल्या सणाला तेथे व्यासपीठ उभे राहिले आणि जुने धक्केही तसेच चालू राहिले, तर न्यायालयाचा निर्णय कागदावर राहील आणि अंगण दोन्ही बाजूंनी जाईल.

महाराष्ट्राला हे तत्त्व परकीयांकडून शिकावे लागत नाही. वाईला रास्त्यांनी बांधलेले कृष्णेचे घाट, मेणवलीचा नाना फडणविसांचा घाट, नर्मदेच्या काठी महेश्वरला अहिल्याबाईंनी उभारलेल्या पायऱ्या, या सर्वांत मुख्य वास्तू म्हणजे पायरीच आहे. पाणी चढले तर वरची पायरी, उतरले तर खालची. स्नानाला आलेला, कपडे धुणारी, संध्याकाळी नुसताच बसायला आलेला, सर्वांना तीच पायरी पुरते. देऊळ किंवा छत्री असते ती एका कडेला, दगडी विस्ताराला अडथळा न करता. वाशीमच्या पद्मतीर्थाच्या काठी बसलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

जिल्ह्याजिल्ह्यातून आज तलावांच्या सुशोभीकरणाच्या योजना निघत आहेत. रंगीत कारंजी, लोखंडी कमानी, खाद्यपदार्थांचे गाळे, प्रवेशशुल्काची खिडकी असा त्यांचा साचा बनू लागला आहे. कमानीचे उद्‌घाटन होते, नामफलक लागतो. काठावर बसायची जागा आणि पाण्यापर्यंत जाणारी वाट मात्र पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ढकलली जाते. १९२४ साली मुंबईत जे घडले त्याचीच ही लहान आवृत्ती. नगरपालिकांनी क्रम उलटा करावा. प्रथम पाणी स्वच्छ, मग काठ मोकळा व चालता येण्याजोगा, त्यानंतर सावली, आणि एवढे करून पैसा उरला तरच कमान. तसे झाले तर जऊळक्याच्या मुलाला समुद्राकाठच्या त्या कठड्याची आठवण आपल्याच तालुक्यातील एखाद्या तळ्याच्या पायरीवर बसून सांगता येईल, आणि तेथे बसण्यासाठी त्याच्याकडे कोणी तिकीट मागणार नाही.