मामावर गेलाय!

बारशाला हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण काही आजारही मामाच्याच घरातून, आईच्या हातून येतात. लेश-नायहन सिंड्रोम त्यातलाच. अमेरिकेत १९६४ मध्ये त्याची नोंद झाली. एचपीआरटी हे एन्झाइम नसतं, युरिक अ‍ॅसिड साठतं आणि मुलगा स्वतःचेच ओठ, बोटं चावतो. भयंकर!

दोष एक्स क्रोमोझोमवर. आई ठणठणीत, कारण तिचा दुसरा एक्स किल्ला लढवतो.

समजा, हिंगोलीतल्या कुरुंद्याची एक मुलगी पुण्यात जॉबला आहे. लग्न ठरलंय. भावाला हा आजार. मग ती कॅरिअर आहे का? ब्लड टेस्ट इथे चक्क गंडवते. एन्झाइम नसलेल्या रक्तपेशी मागे पडत जातात, रिपोर्ट नॉर्मल!

केस मात्र चुगली करतात. बाईच्या प्रत्येक पेशीत एकच एक्स चालू असतो आणि केसाचं मूळ मोजक्याच पेशींपासून बनतं. त्यामुळे कॅरिअर असेल तर काही केसांत एन्झाइम सापडतं, काहींत नाही. गार्टलर आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ही टेस्ट मांडली. केस मुळासकट उपटलेले हवेत (पार्लरमधल्या कापलेल्या बटा नकोत!). आता हे काम डीएनए टेस्ट करते, फक्त आधी भावाच्या जीनमधली नेमकी चूक शोधलेली बरी. कॅरिअर निघाली, तर प्रत्येक मुलग्याला धोका पन्नास टक्के, पण गरोदरपणात तपासणी होते.

आणि हो, आई दर वेळी कॅरिअर असतेच असं नाही. कधी बिघाड मुलातच नव्याने होतो. बोलणी मात्र तिनेच खाल्लेली असतात.